वेशीबाहेरचं घर

गुलाबराव महाराजांना दिसत नव्हतं. ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला त्यांचा जन्म झाला आणि पहिला वाढदिवस यायच्या आधीच दृष्टी गेली. चांदूर बाजारजवळच्या माधानला ते वाढले. १९१५ मध्ये गेले तेव्हा वय होतं अवघं ३४. तेवढ्या आयुष्यात त्यांच्या नावावर सव्वाशेहून जास्त ग्रंथ जमा झाले होते. त्यात वेदान्त आहे, भक्ती आहे, आयुर्वेद आहे, आणि डार्विन-स्पेन्सरच्या मतांशी घातलेला वादही आहे. वऱ्हाडात ही गोष्ट आपण लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकतो.

चमत्कार म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. दिसत नसताना एवढं वाचलं कसं, लिहिलं कसं, हे मग कोणी विचारत नाही. उत्तर तसं साधं आहे. आजूबाजूची माणसं त्यांना ग्रंथ वाचून दाखवत. महाराज सांगत आणि माणसं उतरवून घेत. काय वाचायचं, काय लिहायचं, कुठे थांबायचं, हे महाराज ठरवत. वाचणारे डोळे आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा होता, निर्णय त्यांचा होता. त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणताना ती वाचणारी-लिहिणारी माणसं आपल्या गोष्टीतून गळून पडतात.

आज या माणसांना वाचक आणि लेखनिक म्हणतात. परीक्षेत लेखनिक मिळावा यासाठी एका यूपीएससीच्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. विकास कुमार प्रकरणाचा तो निकाल ११ फेब्रुवारी २०२१ चा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी माधानमध्ये जी व्यवस्था श्रद्धेच्या पोटी आपोआप उभी राहिली, तीच हक्क म्हणून मागायला एकविसावं शतक उजाडलं. श्रद्धेनं मिळालेली मदत महाराजांना मिळते. महाराज नसलेल्या आंधळ्या पोराला मिळतेच असं नाही.

या लेखाचा विषय तो महाराज नसलेला माणूस आहे. दिव्यांग माणसानं आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या मर्जीनं जगावं यासाठी वऱ्हाडानं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय केलं, आणि काय करायचं राहून गेलं?

पूर्णेच्या काठावर

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण गेलं ते अकोल्याकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला मोठी यात्रा भरते. यात्रा म्हटली की भाविकांच्या वाटेवर अंध, पांगळे, कुष्ठरोगी फडकं पसरून बसणार, हे तेव्हा ठरलेलंच होतं. बाकीचे लोक देवाला नैवेद्य दाखवत. बाबांनी या बसलेल्या माणसांना जेवू घालायला, अंगावर कापड द्यायला सुरुवात केली. नदीच्या काठावर देव कोण, हा हिशेब त्यांनी उलटा मांडला.

बाबांच्या नावानं ओळखली जाणारी दशसूत्री शाळा-कार्यालयांच्या भिंतींवर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शिक्षण, बेघराला आसरा, बेकाराला रोजगार, असा तो क्रम. त्यात अंध आणि पंगू हे शब्द एकाच सूत्रात येतात, रोग्यांच्या जोडीनं, आणि त्यांच्यापुढे औषधोपचार लिहिलेला असतो. त्या काळी तेवढं म्हणणंही धाडसाचं होतं, म्हणून यात दोष काढायचं कारण नाही. पण आज वाचताना एक गोष्ट खटकते. आंधळ्या माणसाला शिक्षणही हवं असतं, रोजगारही, भाड्यानं खोलीही आणि लग्नही. त्याला भिंतीवरची सगळीच सूत्रं लागू होतात. आपण मात्र त्याला औषधाच्या सूत्रात बसवलं आणि नंतरची कित्येक वर्षं तिथेच ठेवलं.

भिंत आणि कुंपण

ज्या लोकांना समाजानं सर्वांत दूर ढकललं ते कुष्ठरोगी. १८९८ मध्ये इंग्रज सरकारनं त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. रस्त्यावर दिसणाऱ्या निराधार कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत होते, आणि मग त्याची रवानगी आश्रमात. विकण्यासाठी खाद्यपदार्थ करायचे नाहीत, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करायची नाही, भाड्याची गाडी हाकायची नाही, अशी बंधनं सरकारला घालता येत होती. हा कायदा स्वतंत्र भारताच्या कायद्यांच्या यादीतही तसाच पडून राहिला आणि रद्द झाला २०१६ मध्ये. भरली ११८ वर्षं.

या काळात विदर्भात जे उभं राहिलं ते या कायद्याच्या नेमकं उलट्या वृत्तीचं होतं. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केलं. १९४६ मध्ये अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे दाजीसाहेबांनी, विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केलं आणि शहराबाहेर तपोवन वसवलं. १९५१ मध्ये वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन सुरू झालं. तिथे पुढे कुष्ठरोग्यांसोबत अंध, मूकबधिर, अपंग यांच्या शाळा आणि कामाच्या जागा आल्या. 'भीक नको, काम द्या' हा या सगळ्यांचा पाया. बोटं झडलेल्या हातांनी शेती होते, विणकाम होतं, सुतारकाम होतं, हे या माणसांनी करून दाखवलं. दाजीसाहेबांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली.

तपोवन, दत्तपूर, आनंदवन हे शब्द आपल्याकडे पवित्र आहेत, आणि ते असायलाही हवेत. तरीही नकाशा उघडून बघा. हे सगळं गावाबाहेर आहे. याचं कारण स्थापकांच्या मनात शोधायला नको. गावात जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. माळरान मिळालं, म्हणून माळरानावर नंदनवन झालं. कायद्यानं कुष्ठरोग्याभोवती भिंत घातली होती. या माणसांनी भिंत पाडून मायेचं कुंपण घातलं. कुंपणाच्या आत माणूस माणूस झाला, पण ज्या गावानं त्याला हाकललं होतं त्या गावाला काहीच बदलावं लागलं नाही. गावानं देणगी दिली, सहल नेली, डोळे पुसले आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

औषधानंही हा प्रश्न सुटला नाही. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. बऱ्या झालेल्या माणसाला घरानं परत घेतलंच असं मात्र झालं नाही. म्हणूनच १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आणि नंतर २०१६ च्या कायद्यातही 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार म्हणून नोंदवावा लागला. रोग गेला तरी दिव्यांगत्व उरतं. त्यातलं काही हातापायांत असतं आणि काही शेजाऱ्यांच्या नजरेत.

आज अमरावती पसरत पसरत तपोवनापर्यंत पोचली आहे. शेजारी गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे. जमिनीचे भाव वाढले तसं शहर चालत गेलं. माणसांना घरात घ्यायला ते कधी एवढं चालत गेलं नव्हतं.

बर्कलीची एक खोली

आनंदवनाची झाडं मोठी होत होती त्याच सुमारास, १९६२ मध्ये, अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एड रॉबर्ट्स नावाचा विद्यार्थी दाखल झाला. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला होता. मानेखालचं शरीर जवळजवळ हलत नव्हतं. श्वासासाठी तो रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे शरीरभर बसणाऱ्या एका मोठ्या यंत्राच्या नळकांड्यात, झोपायचा. ते यंत्र वसतिगृहात बसेना, म्हणून त्याची सोय विद्यापीठाच्या इस्पितळात करण्यात आली. हळूहळू तिथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. त्यांनी स्वतःच्या टोळीचं नाव ठेवलं 'रोलिंग क्वाड्स'.

या पोरांच्या डोक्यात एक प्रश्न आला. आपण आजारी नाही, मग इस्पितळात का राहतो? १९७२ मध्ये त्यातून बर्कलीचं 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभं राहिलं. नाव भारदस्त असलं तरी काम अगदी साधं होतं. मदतनीसांची यादी ठेवायची, म्हणजे सकाळी अंथरुणातून उठवायला, आंघोळ घालायला कोण येईल ते कळेल. व्हीलचेअर दुरुस्त करून द्यायची. पायऱ्या नसलेली भाड्याची घरं शोधून द्यायची. नुकतंच अपंगत्व आलेल्या माणसाला त्याच वाटेनं गेलेल्या माणसाशी बोलायला बसवायचं. आणि केंद्र चालवणारे बहुतेक लोक स्वतः अपंग असायचे.

तपोवन आणि बर्कली यांच्यातला फरक इथे आहे. तपोवनात माणूस मदतीकडे गेला. बर्कलीत मदत माणसाच्या पत्त्यावर आली. रॉबर्ट्सला एकेकाळी सरकारच्या पुनर्वसन खात्यानं 'याच्याकडून नोकरी होणार नाही' असं ठरवून मदत नाकारली होती. १९७५ मध्ये तो त्याच खात्याचा प्रमुख झाला.

हे सगळं श्रीमंत देशात शक्य आहे, असं वाटू शकतं. त्यासाठी आपलं कोल्हापूर बघा. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळेपणा आला. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात त्यांनी ते सगळं लिहिलं आहे. बाबूकाका दिवाण नावाचा गृहस्थ भेटला. तो स्वतः व्हीलचेअरवर होता आणि उद्योग चालवत होता. बर्कलीतल्या केंद्रात जे ठरवून व्हायचं, ते इथे एका भेटीत झालं. त्याच वाटेनं गेलेला माणूस समोर बसला. नसीमाताईंनी पुढे केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था कोल्हापुरात सुरू केली. शाळा, वसतिगृह, साधनं, रोजगार असं काम वाढत गेलं. वसतिगृहाचं नाव होतं 'घरौंदा'. संस्था शहरात होती आणि चालवणारी बाई स्वतः खुर्चीवर होती.

वज्झर: अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर

वऱ्हाडाच्या नकाशावर या प्रश्नाची सगळ्यात अवघड बाजू दाखवणारं ठिकाण म्हणजे वज्झर. अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी. शंकरबाबा पापळकर हे गाडगेबाबांच्या विचाराचे पत्रकार, 'देवकीनंदन गोपाला' नावाचं नियतकालिक काढणारे. त्यांनी वज्झरला अंबादासपंत वैद्य यांच्या नावानं बेवारस दिव्यांग मुलांसाठी बालगृह चालवलं. कोणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं, कोणी बस स्टँडवर, कोणी कचऱ्यात. पोलीस आणि बालकल्याण समित्यांमार्फत अशी मुलं इथे आली. बाबांनी १२३ मुलांना बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर तेच नाव. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कायद्यानुसार 'बालक' म्हणजे अठरा वर्षांखालचं. अठरा भरले की बालगृहातून बाहेर. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नंतरच्या मदतीची तरतूद आहे, पण तीही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्या. आता विचार करा, बहुविकलांग मुलगी, घर माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत, बोलता येत नाही. अठराव्या वाढदिवशी ती कुठे जाणार? शंकरबाबांनी आयुष्यभर एकच मागणी लावून धरली. बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही आजीवन राहता येईल असा कायदा करा. त्यांनी स्वतः मुलांना बाहेर काढलं नाही. लग्नं लावून दिली, नोकऱ्यांच्या मागे लागले, बाकीच्यांना ठेवून घेतलं.

इथे आपली पंचाईत होते. जगभरातली दिव्यांगांची चळवळ म्हणते की संस्था बंद करा, माणसांना समाजात राहू द्या. वज्झरचे म्हातारे बाबा म्हणतात की या मुलांना संस्थेतच राहू द्या. दोघांपैकी खरं कोण?

दोघंही. बर्कलीत माणूस इस्पितळातून बाहेर पडला तेव्हा बाहेर मदतनीसांची यादी होती, दुरुस्तीचं दुकान होतं, घर होतं. वज्झरच्या दारातून अठरा वर्षांची पोर बाहेर पडली तर बाहेर फक्त परतवाड्याला जाणारा रस्ता आहे. गावात व्यवस्था नसताना संस्थेबाहेर काढणं ही हकालपट्टी होते, मग तिला कितीही मोठं नाव द्या. शंकरबाबा संस्थेसाठी भांडत नव्हते. वेशीच्या आत दुसरं दार उघडं नव्हतं, म्हणून ते आपलं दार बंद होऊ देत नव्हते.

याच वज्झरमधली एक दृष्टिहीन मुलगी ब्रेल शिकली, अमरावतीत पदवीधर झाली आणि २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. पुढे नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तिची नेमणूक झाली. बातम्यांमध्ये जिद्द, चमत्कार, प्रेरणा हे शब्द भरपूर आले. माधानच्या महाराजांसारखंच इथेही ब्रेल शिकवणारे, पुस्तकं वाचून दाखवणारे, शिकवणीचे सर आणि परीक्षेच्या खोलीपर्यंत नेणारे हात चौकटीबाहेर राहिले. जिद्द तिची होतीच. ती जिद्द वाया गेली नाही याचं कारण मात्र ही सगळी माणसं आहेत.

कायद्यातलं क्रियापद

भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्या करारातलं एकोणिसावं कलम हेच सांगतं की प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखंच आपण कुठे आणि कोणासोबत राहायचं हे ठरवण्याचा हक्क आहे. त्याला धरून आपला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. बातम्यांत ते सगळीकडे आलं. कलम ५ फार कोणी वाचलं नाही.

कलम ५ च्या पहिल्या भागात म्हटलं आहे की दिव्यांग व्यक्तींना समाजात राहण्याचा हक्क असेल. स्पष्ट, ठाम. दुसऱ्या भागात सरकारचं काम सांगितलं आहे: कोणालाही अमुक एका व्यवस्थेतच राहण्याची सक्ती होऊ नये, आणि घरपोच, निवासी व इतर सामुदायिक सेवा, त्यात वैयक्तिक मदतनीसही, उपलब्ध व्हाव्यात. फक्त तिथलं क्रियापद बदललेलं आहे. सरकार हे 'करील' असं लिहिलेलं नाही. सरकार त्यासाठी 'प्रयत्न करील', असं आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. जी अट पूर्ण झाली नाही तरी प्रोग्राम पुढे चालू राहतो, ती अट नसते. हक्क पक्का आणि तो पुरवणारी यंत्रणा ऐच्छिक, अशी ही रचना आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं इमारती, वाहतूक, माहिती यांच्या सुगम्यतेबद्दल नेमका हाच दोष पकडला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसती मार्गदर्शक सूचना देतो, हे चालणार नाही, असं म्हणून संबंधित नियम रद्द ठरवला. कलम ५ मध्ये तर नरमाई कायद्याच्या मजकुरातच आहे.

याच्याही आधी, १९९९ मध्ये, राष्ट्रीय न्यास कायदा आला होता. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना आपल्या समाजात, आपल्या माणसांच्या जवळ, शक्य तेवढं स्वतंत्र जगता यावं हा त्याचा पहिला उद्देश. त्याखाली मोठ्या माणसांसाठी 'घरौंदा' ही गट-निवासाची योजना आहे, मदतनीसांच्या प्रशिक्षणाची 'सहयोगी' आहे, आरोग्यविम्याची 'निरामय' आहे. शिवाय महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंनी उपोषण केलं, त्यात दिव्यांगांना महिना ६ हजार मानधन ही एक मागणी होती. १९८० पासून चाललेल्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० झाली. दिवसाला ८३ रुपये.

कागदावर सगळे सुटे भाग आहेत. ते एका पत्त्यावर जोडून देणारं कोणी नाही.

पत्ता : जठारपेठ, अकोला

आता हे सगळं एका पेठेत आणून बघू. समजा, जठारपेठेत एक माणूस राहतो. वय बेचाळीस. अपघातात मानेजवळ मणका दुखावला, हातात थोडी ताकद, पाय नाहीत म्हणावेत असे. सोबत सत्तरीची आई. असा अमुक एक माणूस मी दाखवत नाही, पण वऱ्हाडातल्या कुठल्याही पेठेत शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

पहिली गोष्ट नाली. आपल्याकडे घर आणि रस्ता यांच्यामध्ये नाली, नालीवर फरशी, मग ओटा, मग दोन-तीन पायऱ्या. पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून केलेली ही शहाणी रचना चाकाच्या खुर्चीला मात्र घरातच कोंडते. एका उताराचा खर्च फार नाही. महापालिकेच्या ५ टक्क्यांतून तो होऊ शकतो.

दुसरी पाणी. अकोल्याला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी भरून ठेवावं लागतं. ज्याला बादली उचलता येत नाही त्याचं स्वातंत्र्य त्या एका तासावर अवलंबून असतं.

तिसरी ऊन. अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आपण घामाघूम होतो आणि म्हणून वाचतो. मणक्याला वरच्या बाजूला इजा झालेल्या माणसाला त्याखाली नीट घाम येत नाही. शरीर तापत जातं आणि उतरत नाही. मे महिन्यात दोन तास वीज गेली की आपला कुलर बंद पडतो, त्याचा जीव धोक्यात येतो.

चौथी रात्र. एका कुशीवर पडून राहिलं की कातडी सडते आणि जखमा हाडापर्यंत जातात, म्हणून दर दोनेक तासांनी कूस बदलून द्यावी लागते. आज ते कोण करतं? आई. तिचा गुडघा धरला आहे, तिला स्वतःलाच उठता येत नाही, तरी ती उठते. आपल्याकडे 'सामुदायिक सेवा' या शब्दाचा खरा अर्थ बहुतेक घरांत आई असा असतो, नाहीतर बहीण, नाहीतर सून. ती पगार घेत नाही, रजा घेत नाही आणि कुठल्याही सरकारी आकड्यात दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बायका कोणी मोजल्या नाहीत.

पाचवा फोन, आणि यावर आपल्या पिढीचा फार विश्वास आहे. तो अगदीच चुकीचा नाही. फोन आता मराठी वाचून दाखवतो. दृष्टिहीन माणूस रिक्षा बोलावतो, पैसे पाठवतो, वर्तमानपत्र ऐकतो. गुलाबराव महाराजांना भोवती माणसं जमवावी लागली, ते काही प्रमाणात खिशात आलं. पण ॲप बनवणाऱ्यानं बटणाला नावच दिलं नसेल, तर फोन नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणत राहतो. बँकेच्या केवायसीत 'डोळे मिचकावा' असा हुकूम येतो. कुष्ठरोगानं बोटं गेलेल्या माणसाचा ठसा उमटत नाही आणि पेन्शन अडते. डोळ्यांच्या बुबुळांचा पर्याय नियमात आहे, पण तो खिडकीपलीकडच्या कारकुनाला माहीत असावा लागतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करायला सांगितलं. हे काम सरकारपेक्षा आमच्या धंद्यातल्या लोकांचं आहे. त्याला धरण बांधावं लागत नाही. बटणाला नाव द्यावं लागतं. एवढं मात्र खरं की कुठलंही ॲप रात्री दोन वाजता कूस बदलून देणार नाही.

मग काय हवं? बर्कलीची १९७२ ची यादी पुन्हा काढा, ती जठारपेठेला जशीच्या तशी चालते. पेठेत एक खोली. तिथे प्रशिक्षण घेतलेल्या मदतनीसांची यादी, ठरलेल्या दरानं, ठरलेल्या तासांना, आणि त्या दरातला वाटा सरकारचा. व्हीलचेअरचं पंक्चर काढणारा माणूस. तो तर सायकलवाल्याच्या दुकानातच सापडेल. उतार बांधून देणारा गवंडी. नळाच्या दिवशी पाणी भरून देणारं, वीज गेली की दार वाजवून बघणारं कोणीतरी. नव्यानं खुर्चीवर आलेल्या पोराशी बोलायला जुना खुर्चीवाला. आणि खोली चालवणारे स्वतः दिव्यांग. यातली एकही गोष्ट वऱ्हाडाला अशक्य नाही. ज्यांनी माळरानावर विणकाम आणि शेती उभी केली त्यांच्या मुलुखात एक खोली उभी राहायला हरकत नसावी.

प्रत्येक दिव्यांग मुलाच्या घरात एक वाक्य मोठ्यानं बोललं जात नाही, पण ते सतत असतं: 'आमच्या माघारी याचं कसं?' पोलिओ झालेली शेवटची मोठी पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे आणि त्यांचे आईबाप सत्तरी-ऐंशीत. या प्रश्नाला दाजीसाहेबांनी उत्तर दिलं, बाबा आमट्यांनी दिलं, शंकरबाबांनी दिलं. प्रत्येकानं आपल्या नावावर, आपल्या हाडांवर ते पेललं. वऱ्हाडाचं भाग्य की अशी माणसं त्याला मिळाली. पण तसा माणूस दर पेठेत, दर पिढीत जन्माला येईल असं धरून चालता येत नाही. तसा माणूस नसतानाही चालेल अशी व्यवस्था हवी. जठारपेठेतल्या त्या सत्तरीच्या आईला संत नको आहे. तिला रात्री दोन वाजता येणारा, पगार मिळणारा, वेळेवर येणारा मदतनीस हवा आहे, आणि आपल्या मुलाचा पत्ता आपण गेल्यावरही हाच राहील एवढी खात्री.